जुन्या कॅमेऱ्याचा नवा हिशेब

रिको कंपनीने जून २०२४ मध्ये 'पेंटॅक्स १७' हा फिल्मवर चालणारा नवा कॅमेरा बाजारात आणला. अमेरिकेतली त्याची सुरुवातीची किंमत सुमारे ५०० डॉलर. जुने कॅमेरे आजही मिळत असताना एवढे पैसे का मोजायचे?

उत्तर साच्यांत आहे. समजा, साचे आणि आराखडे यांवर १ कोटी रुपये खर्च झाले. १ लाख कॅमेरे खपले तर प्रत्येकावर १०० रुपयांचा भार पडतो. ५ हजारच खपले तर २,००० रुपयांचा. पेंटॅक्सचाच के-१००० कॅमेरा १९७६ ते १९९७ अशी दोन दशके बनत होता. त्याने हा भार केव्हाच फेडला. नव्या कॅमेऱ्याची स्पर्धा अशी आपल्याच आजोबांशी आहे.

खर्च आवरण्यासाठी रचनाकारांनी काढलेली वाट आम्हाला आवडली. नेहमीच्या २४ × ३६ मिमी चौकटीऐवजी त्यांनी १७ × २४ मिमीची चौकट घेतली. ३६ चित्रांच्या रिळावर ७२ चित्रे बसतात. ग्राहकाचा फिल्मचा खर्च निम्म्यावर येतो. शिवाय लहान चौकटीला २५ मिमी नाभीय अंतराचे भिंग पुरते. अशा भिंगातून जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच वेळी बऱ्यापैकी स्पष्ट उमटतात. म्हणून अंतर अंदाजाने, सहा टप्प्यांतून निवडले तरी भागते. अंतर मोजणारी नाजूक यंत्रणा वाचली! अर्थात चित्र मोठे केले की फिल्मचे कण अधिक ठळक दिसतात. ही काटकसर फुकटची नाही.

आमची तक्रार वेगळी आहे. भिंगाचे छिद्र किती उघडायचे आणि शटर किती वेळ उघडे ठेवायचे, हे दोन्ही आकडे येथे बहुतेक वेळा कॅमेराच ठरवतो. प्रकाश थोडा कमीजास्त करण्याची चकती आहे, पण दोन्ही आकडे हवे तसे निवडता येत नाहीत. के-१००० मध्ये दोन्ही आकडे आपणच ठरवायचे. त्यातूनच शिकणाऱ्याला कार्यकारणभाव उमगतो. फिल्म ओढायची तरफ हाती दिली, विचार मात्र काढून घेतला.

तरीही हा प्रयत्न मोलाचा आहे. ती तरफ पुन्हा बनवताना निवृत्त अभियंत्यांचा सल्ला घ्यावा लागला. आराखडे कपाटात टिकतात. हातातले कसब माणसाबरोबर जाते. ते पुढच्या पिढीला शिकवण्याचा खर्चही किमतीत धरावा लागतो, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.