पेप्टाइड ॲरे : पुराव्याचे मोल आणि मर्यादा

प्रथिनांच्या परस्परबंधांचा शोध घेण्यासाठी पेप्टाइड ॲरेचा उपयोग आता सर्वत्र रूढ झाला आहे. एका प्रथिनाच्या साखळीचे लहान लहान तुकडे पृष्ठभागावर क्रमाने बसवावयाचे, त्यांवर दुसरे प्रथिन सोडावयाचे आणि ते कोठे चिकटते हे पाहावयाचे, अशी ही सुटसुटीत रीत आहे. परंतु तिच्या निष्कर्षांचे मोल ठरविताना आपल्या प्रबंधांतून पुरेशी सावधगिरी आढळत नाही.

ह्या पद्धतीचा पाया गायझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली घातला. त्यांचा विषय होता लाळ-खुरकत रोगाचा विषाणू. आज संगणक-उद्योगाने व्यापलेल्या खराडीसारख्या जुन्या शेतीच्या गावांना ह्या रोगाची वेगळी ओळख करून द्यावयास नको. विषाणूच्या आवरणातील २१३ अमिनो आम्लांच्या प्रथिनाचे सहा-सहा आम्लांचे सर्व २०८ तुकडे त्यांनी तयार केले. प्रतिपिंडे १४६ ते १५२ ह्या भागास चिकटतात, आणि त्यांतही १४८ व १५१ ह्या स्थानांवरील ल्युसिन अपरिहार्य आहे, असे त्यांनी दाखविले. १९९२ मध्ये फ्रँक यांनी सेल्युलोजच्या कागदावर ठिपक्यांनी संश्लेषण करून ही रीत सामान्य प्रयोगशाळांच्या आवाक्यात आणली.

ह्या कामाची अचूकता निर्विवाद आहे. तथापि साखळीत दूर असलेली आम्ले प्रथिनाची घडी पडल्यावर शेजारी येतात. अशा बंधस्थानाची दखल सुटा तुकडा घेऊ शकत नाही. म्हणून कोरा ठिपका म्हणजे बंधाचा अभाव नव्हे. उलट, अखंड प्रथिनात आत दडलेला तुकडा कागदावर उघडा पडून चिकटू शकतो.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. ह्याच विषाणूच्या पेप्टाइड-लशींची १३८ गुरांवर घेतलेली चाचणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. एकाही लशीचे संरक्षण ४० टक्क्यांपलीकडे गेले नाही, आणि प्रतिपिंडांना चुकविणारे बदललेले विषाणूही आढळले. ह्या अपयशाची कारणे अनेक आहेत. परंतु तुकड्याशी जुळलेला बंध आणि जनावरास मिळणारे संरक्षण ह्यांत किती अंतर असते, हे त्यावरून स्पष्ट होते.

तेव्हा ॲरेवरील ठिपका हे अनुमानाचे पहिले पाऊल मानावे. अखंड प्रथिनात तेच आम्ल बदलून बंध तुटतो का हे पाहावे, द्रावणात बंधाचे बल मोजावे, आणि कोऱ्या ठिपक्यांचीही नोंद द्यावी. एवढे केल्यावाचून ‘बंधस्थान सापडले’ असे विधान प्रबंधात येऊ नये.