छोटी आगगाडी : देखावा आणि परिसर

कलेचा विचार करतांना आपण काव्य, नाटक, चित्र आणि शिल्प यांच्या पलीकडे सहसा जात नाहीं. एखाद्या गृहस्थानें चार-पांच वर्षें खपून टेबलावर डोंगर, नदी, पूल आणि गांव उभें केलें व त्यांतून छोटी आगगाडी फिरविली, तर आपण त्यास हौशी म्हणतों, फार तर कुशल कारागीर म्हणतों, आणि मुलांना तें खेळणें दाखवून घरीं परततों. या प्रकारास कौतुक पुष्कळ लाभलें आहे; टीका मात्र लाभली नाहीं. जी कृति टीकेस पात्र नाहीं, ती कलाकृति म्हणविण्यासहि पात्र नसते. म्हणून हौशी मंडळींनीं पुढील चार शब्दांचा राग मानूं नये.

पुण्यास कोथरुडांत कै. भाऊसाहेब जोशी यांच्या आयुष्यभराच्या छंदांतून उभें राहिलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांस खुलें झालें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्याचें विभाजन होऊन आमचा नंदुरबार जिल्हा जन्मास आला. पुण्याचा तो प्रयोग आम्हीं पाहिला आहे. ‘प्रयोग’ हाच शब्द येथें योग्य होय. कारण तेथें दिवे मंदावतात, रात्र पडते, खिडक्यांतून उजेड दिसूं लागतो, आणि वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाडीपर्यंत नाना तर्‍हेच्या गाड्या एकमेकींस वाट देत धांवतात. गायनांत तालाचें जें काम, तें येथें सिग्नलांचें आहे. एका माणसाच्या चिकाटीनें यंत्रास एवढी शिस्त लावावी, ही गोष्ट खरोखर आदरास पात्र आहे. मुलें टाळ्या वाजवितात, आणि आम्हींहि वाजविल्या.

परंतु टाळ्या थांबल्यावर मनांत प्रश्न उभा राहतो, कीं ही गाडी ज्यांतून धांवली तो प्रदेश कोणता? लोंबती गाडी आहे, दात्यांच्या रुळावरून चढ चढणारी गाडी आहे. पण हें नगर कोठलें म्हणून विचारलें तर त्यास नांव सांपडत नाहीं. हा दोष एकट्या पुण्याचा नव्हे. या छंदाचें सर्वांत रूढ माप एकास सत्त्याऐंशी हें आहे, आणि त्या मापाचीं घरें, झाडें व माणसें मुख्यत्वें युरोपांतील कारखान्यांतून येतात. त्यामुळें हिंदुस्थानांत कोणीं मांडणी केली तरी तींत उतरत्या छपरांचीं जर्मन घरें आणि सूचिपर्णी वृक्ष आपोआप शिरतात. रुळांचीहि तीच गोष्ट आहे. तयार रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे मिळतात. आपला रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरांचा असल्यानें या मापांत तो सव्वाएकोणीस मिलिमीटर हवा. म्हणजे आपलें इंजिन परक्या रुळावर चढलें कीं तें पावणेतीन मिलिमीटर अंग चोरूनच उभें राहतें. ही अडचण धनाची व सोयीची आहे, हें आम्ही जाणतों. पण सोय ही सबब होऊं शकते, रुचि होऊं शकत नाहीं.

आपल्या भाषेंत ‘देखावा’ हा शब्द दोन अर्थांनीं चालतो. दृश्य हा एक अर्थ आणि वरवरचें सोंग हा दुसरा. गाडीभोवतींचा निसर्ग केवळ गाडीच्या शोभेसाठीं मांडला, कीं पहिला अर्थ सुटून दुसरा उरतो. वस्तुतः ही कला आम्हांस परकी नाहीं. दिवाळींत मुलें मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात, आणि चार दिवसांत उतारावर खरें हिरवें रान उगवतें. त्या किल्ल्यावरील महाराज बुरुजापेक्षां उंच असतात, पण कोणी हंसत नाहीं. कारण तेथें माप फूटपट्टीचें नसून मानाचें असतें. किल्ला ओबडधोबड असेल, पण तो कोणाचा हें पोरासोरांसहि ठाऊक असतें.

परिसर हाच मुख्य विषय मानून काम केलें तर काय साधतें, याचें उत्तम उदाहरण इंग्लंडांत आहे. रॉय इंग्लंड नांवाचा तरुण १९२५ सालीं ऑस्ट्रेलियाहून तेथें गेला. जुनीं गवती छपरांचीं घरें पाहतां पाहतां बदलत आहेत हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि तीं नाहींशीं होण्यापूर्वीं फुटास चार मिलिमीटर या मापानें तीं हुबेहूब नोंदून ठेवण्याचा त्यानें संकल्प केला. १९५४ सालीं सुरू झालेलें पेंडन संग्रहालय हें त्या संकल्पाचें फळ होय. गाडी तेथेंहि आहे; पण लोक खिडकीचा पडदा आणि परसांतील वाफा पाहण्यासाठीं थांबतात.

आमच्याकडे असें कांहीं नोंदण्याजोगें आहे काय? तापीखोर्‍याचा सुरत-भुसावळ मार्ग नंदुरबारावरून जातो. हिवाळ्यांत शहराबाहेरच्या पथार्‍यांवर मिरची वाळत पडते, तेव्हां एकरांमागून एकर जमीन तांबडी होते; असा रंग कोणत्याहि परदेशी पेटींत मिळत नाहीं. सातपुड्याचा साग उन्हाळ्यांत निष्पर्ण होतो, आणि नेमका तेव्हांच पळस पेटतो. म्हणजे आमच्या प्रदेशाची मांडणी करणार्‍यास आधीं ऋतु निवडावा लागेल. ‘सदा हिरवें’ म्हणून चालणार नाहीं. मग नवापूरचें स्टेशन. तें बांधलें गेलें तेव्हां मधें कोणतीच सीमा नव्हती. १ मे १९६० रोजीं दोन राज्यें झालीं आणि सीमा स्टेशनांतूनच गेली. तेथें एकाच बांकाचा अर्धा भाग महाराष्ट्रांत आणि अर्धा गुजराथेंत आहे. हें स्टेशन सुमारें ८०० मीटर लांब आहे. आमच्या मापांतहि त्यास तीस फुटांची खोली लागेल. तेव्हां कांहीं गाळावें लागेलच. काय गाळावें आणि काय कदापि गाळूं नये, हा निर्णय जेथें सुरू होतो, तेथेंच हौस संपून कलेचा आरंभ होतो.

गेल्या दोन वर्षांत आमच्या शेजारच्या एका मुलानें अशी एक मांडणी केली. प्रथम पाहिली तेव्हां थर्मोकोलचा डोंगर, त्यावर विकतचे पाइन वृक्ष आणि पायथ्याशीं लाल कौलांचें चर्च होतें. “हें कोणतें गांव रे?” असें आम्हीं विचारलें. “कुठलंच नाही, काका. चांगलं दिसावं म्हणून केलंय,” असें तो म्हणाला. हें उत्तर आम्हांस बोंचलें. चित्र काढावयास सांगितलें कीं सातपुड्याच्या पायथ्याचें मूलहि दोन डोंगर, मधें सूर्य आणि कडेला नारळाचें झाड काढतें. चांगलें तें दुसरीकडचें, ही समजूत बाराव्या वर्षींच पक्की झालेली असते. आम्हीं त्यास एवढेंच सुचविलें, कीं वही घेऊन एक संध्याकाळ स्टेशनावर बैस.

तो बसला, आणि एकदां नव्हे तर बर्‍याच वेळां बसला. आज त्याच्या फळीवर नवापूर आहे. खडी खर्‍या दगडाच्या चुर्‍याची आहे; पातळ केलेल्या पांढर्‍या गोंदांत साबणाचा थेंब टाकला कीं तो खडींत नीट मुरतो, हें त्यानेंच आम्हांस शिकविलें. पाइन वृक्ष गेले आणि वाळक्या काटक्यांचा निष्पर्ण साग आला. दोष आहेत. झाडें सारख्या अंतरावर आहेत. माणसें सारीं प्रेक्षकांकडे तोंड करून, फोटोसाठीं उभीं राहिल्यासारखीं उभीं आहेत. आणि मिरचीची पथारी त्यानें नंदुरबाराहून उचलून नवापुरास आणली आहे, ती केवळ रंगाच्या मोहानें. ती काढावी असें आमचें मत आहे. त्याचें तसें नाहीं, आणि वाद अजून चालू आहे.

परंतु सीमा कशी दाखवावी, या प्रश्नाचें त्याचें उत्तर आम्हांस मान्य आहे. त्यानें जमिनीवर रेघ ओढली नाहीं. त्यानें पाव इंचाचा बांक केला, त्याचे दोन भाग दोन रंगांनीं रंगविले, आणि त्यावर एक म्हातारी बसविली. ती बरोबर मध्यावर बसली आहे. गाडी त्या बांकापुढून जाते तेव्हां पाहणार्‍याचे डोळे गाडीमागें न जातां म्हातारीवरच राहतात. पुण्याच्या त्या विस्तीर्ण नगरांत आम्ही जें शोधीत होतों, तें या तीन फुटांच्या फळीवर, सर्व दोषांसह, आम्हांस सांपडलें.