दोन खुर्च्यांच्या पलीकडे

मराठी पॉडकास्टचा आजचा साचा कुणालाही सांगता येईल. दोन खुर्च्या, दोन माईक, मागे पुस्तकांचं कपाट, समोर कॅमेरे आणि तास-दीड तासाच्या गप्पा. पाहुणे बदलतात, विषय बदलतात, मांडणी तीच राहते. मराठी पॉडकास्टकडे आज विषय आहेत, बोलणारी माणसं आहेत, मन लावून ऐकणारा श्रोताही आहे. वाण आहे ती घाटाची. कुठल्या विषयाला कोणता घाट शोभेल हा प्रश्न साहित्यात आणि नाटकात आपण हिरिरीने चर्चिला. पॉडकास्टच्या बाबतीत तो विचारण्याआधीच उत्तर ठरून गेलं आहे.

या गप्पांनी मराठीला जे दिलं ते मोठं आहे, हे आधी मान्य करायला हवं. वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चेत माणसाला एक वाक्य पुरं करता येत नाही, त्या काळात या कार्यक्रमांनी बोलणाऱ्याला वेळ दिला. ‘मित्रम्हणे’मध्ये नाटक-सिनेमातली माणसं आपल्या कामाबद्दल सविस्तर बोलतात. ‘थिंक बँक’ने राजकारण आणि अर्थकारण यांवर मराठीत सलग विचार करणाऱ्यांना जागा दिली. ‘अमुक तमुक’ने नातेसंबंध, मनाचं आरोग्य, पालकत्व असे घरात दबक्या आवाजात निघणारे विषय तज्ज्ञांसमोर मांडले. विषयाचा गाभा एका माणसाच्या अनुभवात, स्मरणात किंवा कसबात असेल, तर मुलाखतीसारखा घाट नाही. नटाने भूमिका कशी उभी केली, हे त्यानेच सांगावं.

पण सगळेच विषय एका माणसात मावत नाहीत. १९८२चा गिरणी संप घ्या. जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि मुंबईचा चेहरा कायमचा बदलला. त्या संपाचा अभ्यासक खुर्चीत बसवला, तर आपल्याला संपाविषयीचं एक मत कळेल. संप कळायचा तर कामगार, त्याचं घर चालवणारी बायको, संप फोडून कामावर गेलेला शेजारी, मालकांची बाजू सांगणारा कुणी, आणि गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरचा आजचा रहिवासी हे सगळे आवाज एकमेकांना छेद देत ऐकू यायला हवेत. मुलाखतीत पाहुण्याचं म्हणणं पडताळायला दुसरा आवाजच नसतो. मग होस्ट कितीही तयारीचा असला, तरी कार्यक्रम हळूहळू पाहुण्याच्या बाजूला झुकतो.

हा एकच घाट रुजला, याला कारण अर्थकारण आहे. मुलाखत एका दुपारी रेकॉर्ड होते. पाहुणा आपले चाहते घेऊन येतो. एका भागातून दहा-बारा रील्स निघतात आणि थंबनेलवर ओळखीचा चेहरा झळकतो. यूट्यूबवर वाढलेल्या कार्यक्रमाला हे गणित सोडणं अवघड आहे. मात्र रीलसाठी तोडता येईल असं वाक्य पाहुण्याकडून काढायचं, हे उद्दिष्ट एकदा शिरलं की प्रश्नही तसेच होतात. ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत कठीण क्षण कोणता?’ या प्रश्नाला उत्तर हमखास मिळतं आणि ते जवळपास प्रत्येक भागात एकाच वळणाचं असतं.

एकट्याच्या निवेदनाचा घाट खरं तर आपल्या अंगवळणी पडलेला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून एका वक्त्याला तासभर ऐकण्याची सवय मराठी माणसाला आहे. कीर्तनकार तर पूर्वरंगात सिद्धान्त मांडतो आणि उत्तररंगात आख्यान लावून तो रंगवतो. विचार आणि गोष्ट यांची जोड श्रवणात कशी घालावी याचा इतका घोटीव नमुना क्वचितच सापडेल. तरीही इतिहास किंवा विज्ञान सांगणारे आपले बरेचसे एकल पॉडकास्ट लेख वाचून दाखवल्यासारखे होतात. लांब वाक्यात कान हरवतो, एका दमात आलेल्या चार सनावळ्या निसटून जातात. कानासाठी लिहिणं ही वेगळी कला आहे. बीबीसी मराठीच्या ‘गोष्ट दुनियेची’ने ती पाळली. तिथे एक प्रश्न घेतात, त्यावर तीन-चार जाणकारांचं म्हणणं जमवतात आणि ते नेमक्या निवेदनात ओवतात. ऐकणाऱ्याला मुद्दा कळतो आणि त्याचा वेळही वाया जात नाही.

सर्वांत मोठी पोकळी आहे ती ध्वनी-माहितीपटाची. २०१४मध्ये अमेरिकेत ‘सीरियल’ आलं. बाल्टिमोरमधल्या १९९९च्या एका खुनाचा खटला सारा कोनिग यांनी बारा भागांत पुन्हा तपासला. दर आठवड्याला नवा भाग यायचा आणि मागे तपास चालूच असायचा. साक्षी, तुरुंगातून आलेले फोन, निवेदिकेच्या मनातल्या शंका हे सगळं श्रोत्यापुढे उलगडत गेलं. पॉडकास्ट हा पत्रकारितेचा गंभीर प्रकार आहे, हे जगाला त्या बारा भागांनी पटवलं. मराठीत त्या तोडीचा प्रयत्न माझ्या कानावर आलेला नाही.

सामग्री नाही म्हणावं, तर तीही ओसंडून वाहते आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह, त्यातल्या अनेकींच्या ध्वनिमुद्रणांसह, आज ‘पारी’ या संस्थेने जतन केला आहे. अभ्यासकाला खुर्चीत बसवलं तर तो ओव्यांमधल्या स्त्रीच्या कष्टांविषयी बोलेल, आणि चांगलं बोलेल. पण जात्याची घरघर, दोघींचा एकमेकींत मिसळणारा सूर, गाणारीच्या नातीला आज त्यातलं काय आठवतं, आणि ज्या गावात पिठाची गिरणी आली तिथे ओवीचं काय झालं, हे ऐकवायला माहितीपटच हवा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी या बोलींना त्यांच्या मुलुखात, त्यांच्या आवाजात ऐकवण्याचं सामर्थ्यही याच घाटात आहे. स्टुडिओतल्या खुर्चीवर बसताच माणूस नकळत प्रमाण मराठी बोलू लागतो.

श्राव्य नाट्याचीही कथा अशीच. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’ने पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांना घराघरात नेलं, तेही केवळ आवाजाच्या बळावर. २०१७मध्ये भारतात आलेल्या स्टोरीटेलने मराठीत मुद्दाम ऐकण्यासाठी लिहिलेल्या मालिकांना चालना दिली. मूळ स्टॉकहोममध्ये घडणारी कथा ‘व्हायरस पुणे’मध्ये पुण्यात आणण्याचं धाडस त्यातलंच. पण त्यातला बराचसा भर एकाच वाचकाच्या आवाजावर राहिला; अनेक पात्रांची, ध्वनी रचून उभी केलेली श्रुतिका अजून परतलेली नाही.

घाटात लांबीही येते, आणि शेवटही. पुणे आकाशवाणीवर १९५५च्या रामनवमीला सुरू झालेलं गीतरामायण दर आठवड्याला एक गीत घेऊन आलं आणि ५६ गीतांनंतर थांबलं, कारण सांगायचं ते सांगून झालं होतं. आजचा पॉडकास्ट संपतच नाही. शंभरावा भाग झाला की दोनशेव्याकडे डोळे लागतात. काही विषयांना सहा भाग पुरतात. ते सहा भाग वर्षभर खपून केले, तर ते दहा वर्षांनीही ऐकले जातील. दर आठवड्याला नवा पाहुणा आणणाऱ्या कार्यक्रमाचा मागचा भाग मात्र नवा आला की विसरला जातो.

यासाठी पॉडकास्टला होस्टइतकाच संपादक हवा. विषय हाती आल्यावर ‘याला कोण पाहुणा बोलवू?’ याच्याआधी ‘हे कसं सांगू?’ असं विचारणारा, आणि तीन तासांच्या रेकॉर्डिंगमधून चाळीस मिनिटं काढण्याचा अधिकार असलेला. ज्या कार्यक्रमांनी आज मोठा श्रोतृवर्ग उभा केला आहे, त्यांनाच हा धोका पत्करणं परवडेल. त्यांनी वर्षातून एक मालिका खुर्च्या सोडून करावी, आणि दिवाळी अंकांना जाहिराती देणाऱ्यांनी तिला पैसा द्यावा. श्रोता तासभर ऐकायला तयार आहे, हे गप्पांनी सिद्ध केलं आहे. त्या तासाला साजेसं काम करण्याची जबाबदारी आता करणाऱ्यांची आहे.