नामाच्या ऐक्याचा निकष : ‘गिट’मधील एक दुरुस्ती

‘गिट’ या आवृत्ति-नियंत्रण प्रणालीत १८ डिसेंबर २०१४ रोजी, २.२.१ या आवृत्तीद्वारे, झालेली दुरुस्ती मूलतः लिपिविषयक असल्याने भाषाभ्यासकांनीही तपासण्याजोगी आहे.

ही प्रणाली आपला अंतर्गत कारभार आरंभी टिंब असलेल्या ‘.गिट’ या फोल्डरात ठेवते. बाहेरून आलेल्या प्रकल्पात तेच नाव आढळल्यास ते नाकारते. परंतु त्या काळी मॅक संगणकांवर रूढ असलेली ‘एचएफएस प्लस’ ही फाइल-व्यवस्था नावे जुळविताना काही अदृश्य चिन्हे वगळीत असे. असे चिन्ह मध्ये पेरलेले नाव ‘गिट’ला परके, फाइल-व्यवस्थेला मात्र तेच वाटे. परिणामी परक्याने लिहिलेली आज्ञा वापरकर्त्याच्या संगणकावर चालू शके.

दुरुस्तीचा गुण तिच्या संयमात आहे. वगळल्या जाणाऱ्या सोळा चिन्हांत अक्षरे जुळू न देणारे चिन्हही येते. देवनागरीत ते निरर्थक नव्हे; ‘क्ष’ हे जोडाक्षर ‘क्‌ष’ असे फोडून दाखविण्याचे कार्य तेच करते. त्यावर सरसकट बंदी घातली असती, तर निर्दोष मराठी नावेही बाद झाली असती. दुरुस्ती ही चिन्हे केवळ तुलनेपुरती वगळते आणि उरलेले नाव राखीव असेल तरच अडविते.

तथापि येथे फाइल-व्यवस्थेचा निकष नकलून घेतला आहे. निकष जितके, तितक्या नकला कराव्या लागणार. डिसेंबर २०१९ मधील २.२४.१ या आवृत्तीत विंडोजच्या ‘एनटीएफएस’ला मान्य असलेल्या आणखी एका नामरूपाची दखल घ्यावी लागली, ती याचमुळे. नाम एकच की भिन्न, हे लिहिणाऱ्यावर नव्हे, तर ते वाचणाऱ्या व्यवस्थेवर अवलंबून असते. दुरुस्तीने हे तत्त्व ओळखले, पण एकेका व्यवस्थेपुरतेच.