भिकू म्हात्रे आपला कोण लागतो?

वैरागला आमच्या वस्तीत भाड्यानं टीव्ही-व्हीसीआर आणून ‘सत्या’ लावला होता. भिकू म्हात्रे मेला तेव्हा पोरं गप झाली. एकाच्या डोळ्यात पाणी. पण त्याच पिक्चरमधी थेटरात गोळी सुटते, चेंगराचेंगरीत माणसं तुडवली जातात, तेव्हा कुणाचे डोळे भरले नाहीत. आम्ही एवढंच बघत होतो, सत्या सुटला का?

दोस्तांनो, हे कसं झालं याचा तपास केला पाहिजे.

रामगोपाल वर्मानं १९९८ साली हा पिक्चर काढला. लिहिला सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांनी. पहिली चाल अशी, की सत्याला भूतकाळच नाही. गाव नाही, आईबाप नाहीत, जात नाही. रिकामं भांडं. बघणारा त्यात आपलं ओततो. आम्ही आमचा अपमान ओतला.

दुसरी चाल, वाराच्या आधी अपमान. बारमधी सत्याच्या तोंडावर दारू फेकतात. तबेल्यात हप्ता मागायला गुंड येतो. मग वस्तरा चालतो. तोवर आपण मनात म्हणून बसलेलो असतो, हाण! त्याच्या पहिल्या वारावर आपली सही घेतलेली असते. पुढच्यांना कोण विचारतो?

तिसरी चाल घराची. भिकू बायकोशी भांडतो, तिचा मार खातो, हसतो. मनोज बाजपेयीचा भिकू गल्लीतला थोरला भाऊ वाटतो. हे ज्यांना मारतात, त्यांच्या घरात कॅमेरा असा रमत नाही.

चौथी चाल मरणाची. निवडणूक जिंकलेला भाऊ भिकूला गोळी घालतो. भाषण नाही, रडारड नाही. एकदम. मग गणपती विसर्जनाच्या गर्दीत सत्या भाऊला मारतो आणि आपण टाळी देतो.

पिक्चर वाईट असं मी म्हणत नाही. गुंडही माणूस आहे हे दाखवलं, ते बरोबरच. माझं भांडण वेगळं आहे. पुढारी पोरं वापरतो आणि फेकतो, हे दिसतं. पण सूड झाला की आपला राग निवतो. एक भाऊ मेला. खुर्ची जागेवरच.

आता आपल्या जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेचा ‘फँड्री’ (२०१३) बघा. हत्यारं तीच. कॅमेरा जब्याच्या बाजूला. काळी चिमणी, शालू. त्याची ओढ आपली होते. डुक्कर धरताना राष्ट्रगीत लागतं आणि सगळे जागच्या जागी उभे. मग खांद्यावर डुक्कर, मागं भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई. शेवटी जब्या दगड थेट पडद्याबाहेर भिरकावतो. तोवर त्याच्याशेजारी बसलेल्या बघणाऱ्याला दिग्दर्शक एका क्षणात हसणाऱ्या गर्दीत उभा करतो. इथं राग निवत नाही. तो घरी येतो, झोपू देत नाही.

भिकूसाठी रडलो, त्याची लाज वाटायचं कारण नाही. पण बघताना विचारा, कॅमेरा कुणाच्या बाजूला आहे? कुणाचं घर दाखवलं, कुणाचं झाकलं? शेवटी माझा राग संपला, का सुरू झाला?

वस्तीत पिक्चर जरूर लावा. फक्त संपल्यावर पोरांना लगेच उठू देऊ नका. दिवे लावा, गोल करून बसा, बोला.