प्रेरणा आणि वाहिनी : एका रूढ अनुमानाची चिकित्सा

मज्जातंतू व स्नायू यांच्या वाढीबरोबर सोडियम-वाहिन्यांचा विकास कसा होतो, याचे एक सुटसुटीत वर्णन रूढ झालेले आहे. भ्रूणावस्थेतील विद्युत्प्रेरणा कॅल्शियमवर चालते. पुढे कॅल्शियमच्या वाहिन्या मागे सरतात व त्यांची जागा सोडियमच्या वाहिन्या घेतात, असे ते वर्णन होय. ते आकर्षक आहे; म्हणूनच ते तपासून घेणे अवश्य आहे.

हॉजकिन व हक्स्ली यांनी १९५२ मध्ये माकुळाच्या महाकाय अक्षतंतूवरून मांडलेल्या उपपत्तीत वाढीचा प्रश्न नव्हता. तो स्पिट्झर व बॅकाग्लिनी यांनी १९७६ मध्ये हाती घेतला. झेनोपस बेडकाच्या भ्रूणातील मेरुरज्जूच्या काही पेशींत आरंभीची प्रेरणा दीर्घ व मुख्यतः कॅल्शियमजन्य, तर नंतरची आखूड व सोडियमजन्य असते, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण भक्कम आहे. त्यावरून ‘एक वाहिनी जाते, दुसरी येते’ असे म्हणणे मात्र टिकत नाही. ओ’डाउड, रिबेरा व स्पिट्झर यांनी १९८८ मध्ये झेनोपसच्या संवर्धित मेरुरज्जू-पेशींतील प्रवाह वेगवेगळे मोजले. कॅल्शियम-प्रवाहाची घनता कायम राहिली, सोडियमची दुप्पट झाली, पोटॅशियमची तिप्पट झाली. शिवाय पोटॅशियम-प्रवाह पूर्वीपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने सुरू होऊ लागला. कॅल्शियमच्या वाहिन्या नाहीशा होत नाहीत. पोटॅशियम-प्रवाह प्रेरणेला लवकर आवर घालतो, म्हणून त्यांना वाव उरत नाही.

स्नायूंच्या बाबतीतही असाच अतिरेक होतो. उंदराच्या स्नायूचा मज्जातंतू तोडल्यास काही दिवसांतच टेट्रोडोटॉक्सिन या विषाला न जुमानणाऱ्या प्रेरणा उमटतात, हे थेस्लेफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये दाखविले. कोवळ्या स्नायूतही हा गुण असल्याने ‘स्नायू बाल्यावस्थेत परततो’ असे म्हटले जाते. कोवळ्या स्नायूतील नाव्ह १.५ ही वाहिनी पुन्हा निर्माण होते, हे खरे. पण प्रौढ स्नायूची नाव्ह १.४ ही वाहिनीही तेथे असतेच. ही भर आहे, पुनरागमन नव्हे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. मेंदूतील नाव्ह १.२ या वाहिनीच्या दोषामुळे काही अर्भकांना झटके येतात. वाहिनीचे कार्य वाढले असेल तर सोडियम-रोधक औषधे बहुधा उपयोगी पडतात. कार्य घटले असेल तर त्यांनी विकार बळावू शकतो. दोन्ही ठिकाणी बाह्य लक्षण झटक्याचेच. लक्षणावरून थेट वाहिनीचा निर्णय करण्याची सवय प्रयोगशाळेत केवळ चुकीचे अनुमान देते. रुग्णालयात तिची किंमत बालकाला मोजावी लागते.