‘क्रम’ आणि ‘बंदिस्त’ : एका भौतिकी निबंधाची भाषिक चिकित्सा

शास्त्रीय परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा प्रतिशब्दांच्या यादीपाशी येऊन थांबते. शब्द संस्कृतोद्भव की उसना, एवढ्याचाच निकाल लागतो. तो वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे करतो, हा प्रश्न मागे राहतो. नंदुरबार जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. घरी भिली, अहिराणी वा गुजरी, शाळेत मराठी आणि पदव्युत्तर वर्गात इंग्रजी ग्रंथ, अशा पायऱ्या चढून येणाऱ्या विद्यार्थ्याला पारिभाषिक शब्द हाच पुष्कळदा एकमेव आधार असतो.

उदाहरणार्थ, मासुदा, साकाई व सहकारी यांचा २०१६ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध घ्यावा. त्याचा विषय युरोपियम, मँगनीज व बिस्मथ यांचे एक थरयुक्त संयुग हा आहे. बिस्मथच्या थरात इलेक्ट्रॉनची ऊर्जा संवेगाच्या सम प्रमाणात वाढते; डिरॅक यांच्या १९२८च्या समीकरणातील वस्तुमानरहित कणाची ती रीत होय. या थराच्या दोन्ही बाजूंस युरोपियमचे चुंबकीय अणू आहेत. सुमारे २२ केल्विनखाली एका थरातील सर्व अणूंची चुंबकीय दिशा एक होते. लागोपाठ दोन थर ‘वर’, तर पुढचे दोन ‘खाली’. थरांना लंब असे सुमारे ५ टेस्लाहून अधिक क्षेत्र लावले, की या दिशा वळून आडव्या होतात आणि एका थरातून दुसऱ्या थरात जाणाऱ्या प्रवाहाचा रोध एकाएकी वाढतो. जाड स्फटिकातही द्विमितीय पुंज हॉल परिणाम दिसावा, हे या निबंधाचे निर्विवाद यश होय.

आता शब्दांकडे वळू. ‘चुंबकीय क्रम’ याऐवजी कोणी ‘चुंबकीय विन्यास’ सुचवील. तो शब्द भारदस्त असला तरी येथे अपुरा आहे. कारण विस्कळीत मांडणी हाही एक विन्यासच होय. शब्दाचा अर्थ त्याच्या विरोधी शब्दाने निश्चित होतो. ‘क्रमा’समोर ‘अक्रम’ उभा राहतो, आणि २२ केल्विनला घडते ते नेमके अक्रमातून क्रमात होणारे संक्रमण असते. म्हणून ‘क्रम’च ठेवावा, मात्र हा क्रम स्थानांचा नसून दिशांच्या परस्परसंबंधाचा आहे, हे शिकविताना सांगितलेच पाहिजे.

निबंधाच्या शीर्षकातील दुसरा शब्द अधिक फसवा आहे. इलेक्ट्रॉन चुंबकत्वाने ‘बंदिस्त’ झाले, असे भाषांतर करताच भिंत व कोंडवाडा डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः भिंत कोठेच उभी राहत नाही. चुंबकीय क्रम बदलल्याने दोन बिस्मथ-थरांमधील जोडणी क्षीण होते, उभे संक्रमण विरळ होते. थरातल्या थरात मात्र इलेक्ट्रॉन अत्यंत चपळच राहतो. हा अर्थ ‘थरनिष्ठ’ या शब्दाने अधिक यथार्थ व्यक्त होतो.

‘थर’ समजावताना या जिल्ह्यात तोरणमाळच्या बेसॉल्टकडे बोट दाखविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे ते लाव्हाचे थर; थंड होताना त्यांतील लोहयुक्त खनिजांनी तत्कालीन भूचुंबकीय दिशा धरून ठेवली, आणि दख्खनच्या अनेक थरांत ती आजच्या उलट आढळते. दृष्टान्त रम्य आहे, पण अर्धाच लागू पडतो. तेथील थर मीटरांत मोजावयाचे, येथील अणूंच्या अंतरात; तेथे दिशा पृथ्वीने घालून दिली, येथे ती अणूंच्या परस्परक्रियेतून उपजते. शिवाय खडकातला क्रम भूतकाळाची नोंद ठेवतो. स्फटिकातला क्रम इलेक्ट्रॉनच्या वाटा ठरवितो.

दृष्टान्त कोठे संपतो हे सांगणारा अध्यापकच तो वापरण्यास अधिकारी होय. परिभाषेचेही तसेच आहे. चुकीचा शब्द पाठ झाल्यावर उत्तरपत्रिका बरोबर येऊ शकते. समज मात्र येत नाही.